जाड टायरचा मोह आणि विजयदुर्गचा रस्ता
(लेखमाला : गाडी आपली, रस्ता आपला – भाग 7)

गेल्या आठवड्यात चेन आणि स्प्रॉकेट पाहिले. आज टायर. खरं तर हा भाग पुढे यायचा होता, पण पावसाच्या आधी तो तुमच्या हाती पडावा म्हणून अलीकडे ओढला.

देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात स्पोर्ट्स बाइक म्हणजे बहुधा यामाहाची आर15, केटीएमची आरसी, नाहीतर पल्सर एनएस. मागच्या टायरचा गोटा झाला की पोरं ‘कुठला टायर चांगला?’ असं क्वचितच विचारतात. प्रश्न असतो, ‘मागे किती जाड बसेल?’ कारणही तयार असतं : ‘जाड टायर घातल्यार गाडी भारी दिसता.’ दिसते, कबूल. चालते कशी, ते आकड्यांत बघू.

पल्सर एनएस200 चा मागचा टायर आहे 130/70-17. यातले 130 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 70 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या 70 टक्के. इथे ती 91 मिमी भरते. 17 हा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचात. (ही खिचडी जगभर अशीच शिजते, आपला इलाज नाही.) वरची आणि खालची भिंत मिळून 182 मिमी, त्यात रिमचे 431.8 मिळवले की चाकाचा व्यास होतो 613.8 मिमी. याच गाडीला 140/70 घातला तर तो होतो 627.8. चाक 14 मिमीने मोठं झालं, गाडी मागून 7 मिमी उचलली गेली आणि गिअरिंग सव्वादोन टक्क्यांनी लांबलं. घाटाच्या चढावर गाडी थोडी मरगळल्यासारखी वाटते, ती यामुळे.

आर15 ची गंमत उलटी आहे. तिसऱ्या आवृत्तीपासून तिला मागे 140/70आर17 येतो. आरसी 390 ला 150/60 असतो म्हणून तोच हिलाही बसवायचा, असा हट्ट मी बऱ्याचदा ऐकतो. हिशोब करा : 150 च्या 60 टक्के म्हणजे 90, म्हणजे चाकाचा व्यास 611.8. टायर 10 मिमीने जाड झाला, पण चाक 16 मिमीने लहान झालं आणि गाडी मागून 8 मिमी बसली. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या-मागच्या चाकांचा वेग सतत ताडून पाहत असतात. त्यांच्या हिशोबातलं माप आपण न सांगता बदललेलं असतं.

शिवाय रिम तीच राहते. 130/70 चं माप साडेतीन इंच रुंदीची रिम धरून ठरलेलं आहे, 140/70 चं चार इंची. अरुंद रिमवर जाड टायर चढवला की त्याच्या भिंती आत आवळल्या जातात आणि मधला भाग टोकदार होतो. मग गाडी वळणात कितीही कलंडवा, कडेचं रबर नवंकोरंच राहतं. पैसे जाडीचे दिले, वापरली मधली पट्टी. टायर रुंद केला की त्या प्रमाणात जास्त रबर जमिनीला टेकतं, हाही गैरसमज आहे. किती टेकेल ते मुख्यतः वजन आणि हवेचा दाब ठरवतात. रुंद टायरचा ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. असा ठसा साचलेलं पाणी कापायला वाईट. वर्षाचे चार महिने पावसात काढणाऱ्या जिल्ह्यात ही हौस परवडणारी नाही.

मापापुढचं ‘66एच’सारखं अक्षर-आकड्याचं जोडकाम दुकानात कोणी वाचत नाही. 66 म्हणजे टायर 300 किलो भार पेलतो, एच म्हणजे ताशी 210 किमीपर्यंत चालतो. मूळ टायरवर जे असेल त्याच्या खाली उतरू नका. मापात ‘आर’ असेल तर टायर रेडियल, नुसती आडवी रेघ असेल तर साधा बायस-प्लाय. कंपनीने जी जोडी दिली असेल तीच ठेवा. ती स्विंगआर्मवरच्या किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर छापलेली असते.

मग डोकं कुठे चालवायचं? रबर आणि नक्षी निवडताना. तळेऱ्याहून विजयदुर्गकडे येताना चिऱ्याच्या गाड्या जिथे खाणीतून डांबरी रस्त्यावर चढतात, तिथे चाकांच्या रुंदीचे दोन तांबडे पट्टे उमटलेले असतात. उन्हाळ्यात ती बारीक खर असते. पहिल्या सरीनंतर तिचं लोणी होतं. श्रावणापर्यंत झाडांच्या सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरतं. ट्रॅकसाठी बनवलेला, जेमतेम चार खाचांचा मऊ टायर इथे काय कामाचा? 2014 ची आरसी 390 मेट्झेलरच्या स्पोर्टेक एम5 वर आली होती. त्या टायरची ग्रिप लोक अजून काढतात आणि तो किती लवकर संपायचा, तेही. माझं मत विचाराल तर मूळ मापात, मधे कडक आणि कडेला मऊ अशा दुहेरी रबराचा, पाणी काढणाऱ्या खोल खाचांचा स्पोर्ट-टूरिंग टायर घ्या.

आंबा घेताना देठ हुंगतो, तशी टायर घेताना तारीख बघा. भिंतीवरच्या लंबगोलात चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. एमआरएफचा कारखाना शेजारच्या गोव्यात उसगावला असला, तरी 150/60 चं माप तालुक्याच्या दुकानात रोज खपत नाही. ते फळीवर पडून राहतं. तीन-चार वर्षांचा टायर सवलतीत मिळाला तरी नको म्हणा.

खाऱ्या हवेचाही उपद्रव आहे. जेटीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीची हवा खिळा न लागताही उतरते. पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे टायरमधून नव्हे, रिमच्या कडेने येतात. ॲल्युमिनियम खाल्लं जाऊन तिथे पांढरी भुकटी जमते आणि टायरची कड नीट बसत नाही. नवा टायर चढवण्याआधी ती कड घासून साफ करून घ्या आणि व्हॉल्व्हही नवा टाका.

शेवटची सूचना कोल्हापूरला जाऊन टायर बदलणाऱ्यांसाठी. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर त्याला पूर्ण ग्रिप येत नाही. कोल्हापूर ते गगनबावडा साधारण 55 किमी आहे आणि लगेच करूळचा उतार लागतो. म्हणून टायर कोरड्या दिवशी बदला, सकाळी लवकर निघा आणि घाट सावकाश उतरा. पुढच्या आठवड्यात ब्रेक पॅड.