शोच्या आदल्या रात्री फर्मवेअर अपडेट? नको रे बाबा!

आजचा एपिसोड डिजिटल गिटार प्रोसेसर वापरणाऱ्यांसाठी. सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो.

मागच्या पावसाळ्यात रविवारी आमच्या बँडचा शो होता. शनिवारी रात्री 11 वाजता मी प्रोसेसर लॅपटॉपला जोडला आणि 'अपडेट' दाबलं. नवीन अँप मॉडेल्स आली होती, मोह आवरला नाही. 60 टक्क्यांवर लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर निवांत चालू, पण प्रोसेसरला बॅटरी कुठे असते? तो बंद पडला. लाइट आली, तरी स्क्रीन काळीच. रोज कोड लिहिणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचली नाही!

आत नेमकं काय झालं? फर्मवेअर म्हणजे मशीनच्या फ्लॅश मेमरीत बसलेला प्रोग्राम. गिटारच्या सिग्नलचे आकडे घेऊन, त्यावर गणित करून अँपचा आवाज तोच तयार करतो. अपडेट होताना बऱ्याच मशीनमध्ये जुना कोड पुसून नवा लिहिला जातो. मधेच वीज गेली, की ना जुना पूर्ण, ना नवा.

पण मशीन लगेच मेलं असं समजू नका. चालू करताना सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, सहसा वेगळ्या जागी असतो. ठरावीक बटणं दाबून धरून मशीन चालू केलं, की बऱ्याचदा अपडेट मोड उघडतो. कुठली बटणं, ते मॅन्युअलमध्ये बघायचं. माझंही मशीन असंच वाचलं. प्रीसेट मात्र सगळे उडाले, आणि बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा! शोमध्ये अख्खा सेट दोनच टोनवर काढला.

दुसरी गोष्ट. प्रीसेटमध्ये आवाज साठवलेला नसतो, फक्त आकडे असतात: गेन 6, ट्रेबल 4, डिले 380 मिलिसेकंद. म्हणजे प्रीसेट ही रेसिपी आणि फर्मवेअर हा आचारी. आचारी बदलला की त्याच रेसिपीची आमटी वेगळी लागू शकते. शिवाय नव्या फर्मवेअरवर सेव्ह केलेला प्रीसेट जुन्यावर उघडेलच असं नाही. परत मागे जायचं तर जुना बॅकअपच हवा.

तर क्रम असा ठेवा:

1. आधी बॅकअप. हीलिक्ससाठी एचएक्स एडिट, फ्रॅक्टलसाठी फ्रॅक्टल-बॉट. प्रीसेटबरोबर ग्लोबल सेटिंग आणि स्वतः टाकलेले आयआरसुद्धा घ्या.
2. रिलीज नोट्स वाचा. कुठल्या क्रमाने काय करायचं, ते तिथेच असतं.
3. यूएसबी केबल डेटावाली हवी, फक्त चार्जिंगची नको. मधे हब नको. लॅपटॉप स्लीपमध्ये जाणार नाही हे बघा.
4. प्रोसेसर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर लावा, लॅपटॉप नाही लावला तरी चालेल.
5. अपडेटनंतर हीलिक्ससारखं मशीन पहिल्यांदा चालू होताना प्रीसेट नव्याने बांधतं. वेळ लागतो. घाबरून बंद करू नका.
6. शेवटी प्रत्येक प्रीसेट शोच्या आवाजात वाजवून बघा, हेडफोनवर नको.

आणि हे सगळं शोच्या निदान आठवडाभर आधी. शो जवळ आला असेल आणि मशीन नीट चालत असेल, तर अपडेटला थांबू द्या. ते कुठे पळून जात नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर आज एक काम करा: बॅकअप घ्या!