घरातील जुनी शस्त्रे आणि पदके : निगा, नोंद आणि कायदा

आपल्यापैकी पुष्कळ घरांत खंडेनवमीचा कार्यक्रम ठरलेला असतो. पलंगाखालची पेटी निघते, तलवार, कट्यार, एखादा भाल्याचा फाळ पाटावर मांडला जातो, हळद-कुंकू, झेंडूचे फूल, आपट्याचे पान आणि नमस्कार. दुसऱ्या दिवशी सगळे परत पेटीत. किला गेटच्या आमच्या घरीही तीन पिढ्या हेच चालले आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या नातवाने व्हिडिओ कॉलवर पूजा पाहिली आणि विचारले, ‘आजोबा, ही तलवार कुणाची?’ आम्ही म्हटले, ‘आपल्या पूर्वजांची.’ तो म्हणाला, ‘हो, पण कुठल्या?’

आम्हाला उत्तर देता आले नाही. सदतीस वर्षे बँकेत काढली, नाव नसलेले व्हाउचर कधी पास केले नाही, आणि घरच्याच ठेवीवर नाव नाही! त्यानंतर थोडे वाचले, थोडे जाणकारांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते सभासदांसाठी येथे देत आहोत.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत शस्त्रे का?

आपले पूर्वज येथे आले ते शिंद्यांच्या फौजेबरोबर किंवा त्या फौजेचा हिशेब ठेवायला. ‘लष्कर’ या नावातच सगळे आले. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे पुढे शहर झाले. त्यामुळे शिलेदाराच्या घरी तलवार असायचीच, पण कारकुनाच्या आणि भिक्षुकाच्या घरीही एखादी सापडते. ती कधी बक्षीस म्हणून मिळालेली असते, कधी लग्नात नवरदेवाच्या हाती दिलेली, तर कधी नुसतीच दरबारात कमरेला लावण्यापुरती. म्हणून घरी तलवार आहे म्हणजे पूर्वज लढलेच, असे लगेच ठरवू नये. तसेच, कारकून होते म्हणून लढले नाहीत, असेही म्हणू नये.

पदकांची गोष्ट वेगळी. पदक ही इंग्रजी अमलातली रीत. ग्वाल्हेर संस्थानच्या इम्पीरियल सर्व्हिस पलटणी पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि पूर्व आफ्रिकेत होत्या. त्या शिपायांना इतरांसारखीच पदके मिळाली. स्वातंत्र्यानंतर संस्थानी फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. चौथी ग्वाल्हेर इन्फंट्री ही कुमाऊं रेजिमेंटची १४ वी बटालियन झाली. जुने कागद शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या गावाच्या नावाचे एक पदक मात्र आपल्या घरी सापडणार नाही. जनकोजीराव शिंदे १८४३ मध्ये वारले. बाल जयाजीराव गादीवर आले आणि दरबारात ओढाताण सुरू झाली. ती संधी साधून इंग्रज फौजा चालून आल्या. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार येथे दोन लढाया झाल्या आणि दोन्हींत ग्वाल्हेरची फौज हरली. त्या विजयाबद्दल इंग्रजांनी आपल्या सैनिकांना ‘ग्वाल्हेर स्टार’ दिला. सहा टोकांचा ब्राँझचा तारा, मध्ये चांदीचा लहान तारा, त्यावर लढाईचे नाव आणि तारीख. हे ब्राँझ कुठले? ग्वाल्हेरकडून जिंकलेल्या तोफांचे. आपल्याच तोफा वितळवून जिंकणाऱ्यांच्या छातीवर लावल्या गेल्या. तो तारा आज विलायतेतील संग्रहालयांत आणि लिलावांत दिसतो. प्रत्येकाच्या मागे शिपायाचे नाव आणि पलटण कोरलेली असल्याने तो कुणाचा हे आजही सांगता येते. जे पनिहारला आपल्या बाजूने पडले, त्यांची नावे अशी कुठल्याही धातूवर कोरली गेली नाहीत. नोंदीचे महत्त्व याहून वेगळे काय सांगावे?

शस्त्र ओळखावे कसे?

तलवारीचे मुख्य भाग म्हणजे पाते, मूठ, बोटांचे रक्षण करणारी परज आणि म्यान. पाते सरळ आहे की वाकडे, एकधारी की दुधारी, हे आधी पाहावे. लांब, सरळ, परदेशी पात्याच्या तलवारीला आपल्याकडे ‘फिरंग’ म्हणत. युरोपातून आलेल्या पात्याला येथे देशी मूठ बसवत. सरळ, रुंद पाते असेल तर बहुधा खांडा. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ असेल तर तो पट्टा. दोन समांतर दांड्यांमध्ये आडवी मूठ असेल तर कट्यार. नागमोडी, लहान आणि कडीसारख्या मुठीचा तो बिचवा.

पाते उजेडात तिरपे धरले की कधी पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. ते जोहरदार पोलाद. मुठीवर सोन्या-चांदीच्या तारेचे काम असेल तर ती कोफ्तगिरी. मुठीजवळ, पात्याच्या पाठीवर आणि परजेच्या आत अक्षरे, आकडे किंवा शिक्का आहे का, ते भिंगाने पाहावे. संस्थानी शस्त्रागारातल्या शस्त्रांवर पुष्कळदा अनुक्रमांक असतात. तो आकडा गंज समजून घासून काढू नये.

अक्षरांचे मोल किती, याचे ताजे उदाहरण आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघूजीराजे भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना घेतली. ती फिरंग पद्धतीची आहे आणि पात्यावर देवनागरीत सोन्याच्या अक्षरांत त्यांचे नाव आहे. ते नाव नसते तर ती लिलावातल्या इतर तलवारींपैकी एक ठरली असती.

मेळ्यात मिळणाऱ्या नव्या तलवारीही आता घरोघरी आहेत. चकचकीत स्टेनलेसचे पाते, मुलामा दिलेली मूठ, मोठमोठी ऐतिहासिक नावे, आणि हातात घेतली तर तोल नाही. शोभेला त्या ठीक आहेत, पण जुन्यांच्या पेटीत मिसळू नयेत. पन्नास वर्षांनी नातवंडांना फरक कळणार नाही.

पदकाची कड वाचा

पदकाचा चेहरा सगळे पाहतात, कड कुणी पाहत नाही. पहिल्या महायुद्धाची दोन पदके सर्वांत जास्त आढळतात. एक चांदीचे, पुढे पंचम जॉर्ज बादशहा, मागे घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ हे आकडे. दुसरे ब्राँझचे, पंख असलेल्या विजयदेवतेचे. दोन्हींच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर हीच माहिती मागच्या बाजूला असते.

येथे आमच्या घरची चूक सांगतो. १९८० साल होते, आम्ही कॉलेजात होतो. जगभर चांदीचे भाव कडाडले होते. धाकट्या काकांच्या पश्चात घर आवरताना मोडीच्या चांदीत एक पदकही गेले. सुमारे अडीच तोळे भरले. सराफाने तोलले, पैसे दिले, आम्हीच ते मोजून आत्याच्या हाती ठेवले. त्याच्या जोडीचे ब्राँझचे पदक मोडीत कुणी घेईना, म्हणून ते चहाच्या डब्यात राहिले. नातवाच्या प्रश्नानंतर ते काढले, कड कोरड्या कापडाने पुसली, भिंग लावले. नंबर, शिपायाचा हुद्दा, ‘ग्वाल्हेर इन्फंट्री’ आणि मध्ये आजोबांच्या थोरल्या बंधूंचे नाव. ते लढाईवर गेले होते हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांना मूलबाळ नव्हते, म्हणून त्यांची गोष्ट सांगणारेही कुणी उरले नव्हते. किंमत नव्हती म्हणून जे वाचले, त्यानेच नाव सांगितले.

स्वातंत्र्यानंतरची पदकेही आता जुनी झाली. १९६५ चे समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी व पश्चिमी स्टार, संग्राम पदक. ज्यांना ती मिळाली ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना आजच विचारा. आणखी एक अभिमानाची गोष्ट. परमवीर चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांचा. जन्माने युरोपियन, पण विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या आपल्या झाल्या. चक्रावरची इंद्राची चार वज्रे त्यांचीच कल्पना.

निगा

१. हळद-कुंकू आणि अक्षता पात्याला लावू नयेत. ओलसर हळद-कुंकवाने आठवड्यात गंजाचे ठिपके पडतात. पूजेचे बोट म्यानाला किंवा पाटाला लावावे, देवी रागावत नाही.
२. उघड्या हाताने पाते धरू नये, घामाने गंज चढतो. सुती हातमोजे घालावेत. नंतर कोरड्या मऊ कापडाने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा.
३. तलवार उपसताना म्यान धारेच्या बाजूने मुठीत धरू नये. जुने लाकूड फाटलेले असते आणि पाते बाहेर येऊन बोटे कापतात.
४. पावसाळ्यात तलवार चामड्याच्या म्यानात ठेवू नये. दोन्ही सुती कापडात वेगवेगळी गुंडाळून ठेवावीत.
५. मूठ हलत असेल तर गरम पाण्यात बुडवू नये. ती आतून राळ-लाखेने बसवलेली असते.
६. चिंच, लिंबू, राख, पितळेचे पॉलिश किंवा लोखंडी घासणी पदकाला आणि कोफ्तगिरीला लावू नये. चमक येते, पण अक्षरे जातात. शिकलगाराकडे देऊन जुन्या पात्याला नवी धार लावणे हेही नुकसानच.
७. पदकाची फीत मळलेली असली तरी फेकू नये. तिच्या रंगांवरूनही पदक ओळखता येते.
८. जुनी ठासणीची बंदूक असेल तर ती भरलेली आहे असेच समजावे. शंभर वर्षांपूर्वीची दारू आत असू शकते. घरी प्रयोग न करता परवानाधारक कारागिराला दाखवावे.

कायदा थोडक्यात

आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ४५ प्रमाणे, जुन्या धाटणीचे, पुराणवस्तूचे मोल असलेले किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येत नाही, त्याला सूट आहे. चालू शकणाऱ्या बंदुकीला ही सूट नाही. वारसाने आली तरी परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. तलवारी, कट्यारी, नऊ इंचांहून लांब पात्याचे सुरे हेही नियमांत ‘शस्त्र’ आहेत. त्यांच्याबाबत क्षेत्रानुसार अधिसूचना असतात. म्हणून कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत चौकशी करून घ्यावी. शस्त्र उघडे घेऊन रस्त्याने, मिरवणुकीत जाणे टाळावे. मुलांचे फोटो काढून मोबाइलवर पाठवणेही.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेषांविषयीचा. शंभर वर्षे किंवा अधिक जुनी वस्तू खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही. आमच्या पुतण्याला ‘घराण्याची आठवण’ म्हणून कट्यार कॅनडाला न्यायची होती. त्याला आम्ही फोटो आणि वंशावळ दिली, कट्यार येथेच आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायलाही परवाना लागतो. दारावर येऊन ‘जुने सामान घेतो’ म्हणणाऱ्याकडे तो आहे का, हे विचारावे.

आणि बँकवाल्याच्या नात्याने एक. लॉकरच्या करारात शस्त्रे ठेवायला मनाई असते. तलवार मावत नाही म्हणून कट्यार ठेवू, असे करू नये. पदके आणि सनदा मात्र अवश्य ठेवाव्यात आणि नॉमिनी भरावा.

आता काय करावे?

खर्च काही नाही. प्रत्येक वस्तूसाठी एक वहीचे पान करावे. वस्तू कोणती, लांबी आणि वजन, त्यावरची अक्षरे जशीच्या तशी, कोणाकडून आली, ती गोष्ट कोणी सांगितली, सांगितल्याची तारीख, दोन्ही बाजूंचे फोटो आणि शेवटी, आपल्यानंतर ती कोणाकडे जावी. ठाऊक नसेल तेथे ‘माहीत नाही’ असेच लिहावे. थोरवी वाढवण्यासाठी पानिपत किंवा झाशीचे नाव घालू नये. खोटी नोंद ही कोऱ्या पानाहून वाईट.

घरी सांभाळणारे कुणी उरले नसेल तर संग्रहालयाचा विचार करावा. आपल्या किला गेटवर, गुजरी महालात संग्रहालय उभे केले ते संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गर्दे यांनी, आपल्यातलेच एक. जयविलासमध्ये शस्त्रांचे दालन आहे. देताना मात्र ते पान बरोबर द्यावे आणि पोच घ्यावी.

येत्या दसऱ्याला मंडळात शस्त्रे आणू नयेत, ही पाने आणि फोटो आणावेत. सगळ्यांची मिळून एक फाइल करू. आमच्या तलवारीच्या पानावर ‘कोणाची’ या रकान्यात आजही ‘माहीत नाही’ असेच आहे. पण पदकाच्या पानावर आजोबांच्या बंधूंचे नाव नातवाने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे. गेल्या खंडेनवमीला पाटावर ते पदकही मांडले होते.