शून्य गुणांची दोन मुलं

चौथीतल्या मुलाला घेऊन आई-बाबा माझ्याकडे तपासणीसाठी येतात. तक्रार एकच, तोंडी सगळं येतं, पेपर कोरा. आमचा पहिला प्रश्न असतो, डोळे आणि कान तपासलेत का? ते झालेलं असेल तरच पुढे जायचं. मग आई-बाबांना बाहेर बसवावं लागतं, कारण आई समोर असली की मूल उत्तराआधी तिच्या तोंडाकडे बघतं.

नागपूरच्या डॉ. मलिन यांनी १९६९मध्ये भारतीय मुलांसाठी बेतलेली बुद्धिमापन चाचणी आजही सर्रास वापरात आहे. तिच्यात ठोकळ्यांचा एक भाग आहे. कार्डावरची नक्षी बघून मुलानं ठोकळे जुळवायचे, माझ्या हातात स्टॉपवॉच. एक मूल भराभर ठोकळे लावतं, ‘झालं!’ म्हणतं आणि कोपरा उलटा राहिलेला त्याला दिसतही नाही. दुसरं एकेक ठोकळा फिरवून बघतं, कार्डाशी ताडतं. नक्षी अचूक लागते, पण वेळ संपून गेल्यावर. गुणांच्या रकान्यात दोघांनाही शून्य. पहिल्याचं लक्ष आणि उतावळेपणा तपासायला हवा, दुसऱ्याला नुसता वेळ हवा. म्हणून मी समासात जे खरडते, ते मला गुणांपेक्षा मोलाचं वाटतं.

अंकांच्या भागात सेकंदाला एक असे, आवाजात चढउतार न करता, अंक म्हणायचे. मुलानं ते तसेच म्हणायचे, मग उलट क्रमानं. सुलट सहा अंक सहज म्हणणारं मूल उलट तिनावर अडखळलं, तर हातच्याची गणितं त्याला का जमत नाहीत याचा अंदाज येऊ लागतो. अंदाजच, एका चाचणीवर शिक्का मारायचा नसतो. वाचन, लेखन, गणित वेगळं तपासायचं, शाळेच्या वह्या चाळायच्या. ‘प्रकाश’चं ‘परकाश’ एकदाच झालंय की पानोपानी, हे वहीच सांगते.

शेवटी आई-बाबा विचारतात, ‘बुद्ध्यांक किती आला?’ मी आकडा सांगते, पण तिथं थांबत नाही. घरी आणि वर्गात काय बदलायचं, यावर जास्त बोलते.

वाचन, लेखन, गणितातल्या अशा अडचणींचा, म्हणजे अध्ययन अक्षमतेचा, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश झाला. तिचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, त्यामुळे नववी-दहावीत त्यासाठी धावपळ सुरू होते. तोवर त्या मुलानं ‘आळशी’ हे विशेषण कित्येक वर्षं ऐकलेलं असतं. तिसरी-चौथीत शंका आली, तर कृपा करून दहावीची वाट बघू नका.