'बाय' की 'टिल'? ऑर्डर वाचताना छोट्या शब्दांकडे लक्ष द्या

भिवंडी-मालेगावचे कापड, सोलापूरचे टॉवेल, मिरजेची तंतुवाद्ये, कोल्हापूरच्या चपला यांचा व्यापार आता गावापुरता राहिलेला नाही. परप्रांतातील वा परदेशातील गिऱ्हाइकाची ऑर्डर बहुधा इंग्रजीत येते. आमचे व्यापारी व कारागीर बंधू त्यातील मालाचे नाव, नग आणि दर नीट वाचतात; मात्र मध्ये येणाऱ्या 'इन', 'ऑन', 'बाय', 'टू' अशा शब्दांवरून नजर पुढे सरकते. मुदत, किंमत आणि जबाबदारी पुष्कळदा याच शब्दांवर ठरते. म्हणून त्यांपैकी नेहमी गाठ पडणारे काही शब्द आम्ही येथे उलगडून सांगत आहोत.

मराठीत हे काम शब्दाच्या मागे लागणारे प्रत्यय व अव्यये करतात. 'हाताशी', 'हाताखाली', 'हाताबाहेर' यांत हात तोच, पण अर्थ वेगळे. इंग्रजीत असा शब्द आधी येतो. 'कॅश इन हँड' म्हणजे गल्ल्यातील शिल्लक रोकड, 'अ‍ॅट हँड' म्हणजे हाताशी असलेले, 'आउट ऑफ हँड' म्हणजे हाताबाहेर गेलेले. येथे दोन्ही भाषा जुळतात. पण सगळीकडे जुळत नाहीत आणि घोटाळा तेथेच होतो.

मुदतीचे शब्द

आपला 'पर्यंत' दोन कामे करतो. '१५ तारखेपर्यंत माल द्या' आणि '१५ तारखेपर्यंत दुकान बंद राहील' ही दोन्ही वाक्ये आपण एकाच शब्दाने बोलतो. इंग्रजीत पहिल्यासाठी 'बाय' आणि दुसऱ्यासाठी 'टिल' लागतो. माल देण्याच्या वायद्यात 'टिल' लिहिले, तर '१५ तारखेपर्यंत माल देत राहू आणि मग थांबू' असा अर्थ निघू शकतो.

'बाय १५ मार्च' यात १५ तारीख धरलेली असते. 'बिफोर १५ मार्च' यात ती धरत नाहीत, म्हणजे माल १४ लाच पोहोचला पाहिजे. 'ऑन १५ मार्च' म्हणजे त्याच दिवशी. 'इन टेन डेज' याचा अर्थ कोणी 'दहा दिवसांनी' घेतो, कोणी 'दहा दिवसांच्या आत'. 'विदिन टेन डेज' मध्ये हा संशय राहत नाही.

दराचे शब्द

टॉवेलचा दर १०० रुपये आहे असे समजा. दर 'बाय ४०' कमी करा म्हटले, तर ४० रुपये वजा होऊन ६० राहतात. 'टू ४०' म्हटले, तर दर ४० वरच येतो. हजार नगांवर हा फरक २०,००० रुपयांचा होतो.

बँकेच्या कागदांतील शब्द

लेटर ऑफ क्रेडिटवर धंदा करणाऱ्यांनी अधिक जपावे. ही पत्रे बहुधा इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या 'यूसीपी ६००' या नियमांखाली निघतात. हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. माल पाठवण्याची मुदत 'फ्रॉम १ जून' असेल, तर १ जून त्यात येतो. 'आफ्टर १ जून' असेल, तर येत नाही. पैशाची मुदत मोजताना मात्र 'फ्रॉम' आणि 'आफ्टर' दोन्हींत ती तारीख सोडून दिली जाते.

नगांपुढे 'अबाउट १,०००' असे असेल, तर दहा टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे ९०० ते १,१०० नग. नुसते '१,००० नग' असेल, तर ही मोकळीक नाही. तारखेपुढे 'ऑन ऑर अबाउट' असेल, तर आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस धरतात.

आपल्याकडील १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याप्रमाणे 'अ‍ॅट साइट' बिलाचे पैसे मागताक्षणी द्यावे लागतात. 'सिक्स्टी डेज आफ्टर डेट' यात साठ दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात, तर 'सिक्स्टी डेज आफ्टर साइट' यात देणेकऱ्याने बिल स्वीकारल्यापासून. त्याने स्वीकारायला वीस दिवस लावले, की आपले पैसेही वीस दिवस लांबतात.

जहाजावर की जहाजाशेजारी?

मिरजेहून सितारींची पेटी निघाली आणि बंदरात चढवताना क्रेनवरून पडली, तर नुकसान कोणाचे? इन्कोटर्म्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे सौदा 'फ्री ऑन बोर्ड' असेल, तर माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. 'फ्री अलाँगसाइड शिप' असेल, तर माल जहाजाशेजारी ठेवला की जोखीम घेणाऱ्याची. फरक 'ऑन' आणि 'अलाँगसाइड' एवढाच आहे.

क्रियापदाला चिकटणारे शब्द

काही वेळा असा शब्द क्रियापदाला चिकटून अर्थच पालटतो. कोटेशन 'कॉल फॉर' करणे म्हणजे मागवणे. गिऱ्हाइकाला 'कॉल ऑन' करणे म्हणजे त्याच्या भेटीस जाणे. सौदा 'कॉल ऑफ' करणे म्हणजे मोडणे. आपण चामड्यात 'डील इन' करतो, म्हणजे त्याचा धंदा करतो. एखाद्या पेढीशी 'डील विथ' करतो, म्हणजे तिच्याशी व्यवहार ठेवतो. ऑर्डर 'पुट ऑफ' झाली तर ती पुढे ढकलली आहे, अजून आशा आहे. 'टर्न डाउन' झाली तर नाकारली आहे. असे शब्द सुटे पाठ करून उपयोग नाही, जोडीनेच लक्षात ठेवावेत.

काय करावे?

आमची व्यापारी बंधूंना सूचना अशी की, ऑर्डर हाती येताच तारीख, रक्कम आणि ठिकाण यांच्या आधीच्या प्रत्येक छोट्या शब्दाखाली रेघ ओढावी. अर्थ दोन निघत असतील, तर आपण काय समजलो ते गिऱ्हाइकाला लेखी कळवावे आणि त्याचे लेखी उत्तर फाइलला लावावे. स्वतः लिहिताना 'दहा दिवसांत' असे मोघम न लिहिता शेवटची तारीखच घालावी. लेटर ऑफ क्रेडिट असेल, तर माल बांधण्यापूर्वी बँकेतील जाणकाराकडून ते एकदा वाचून घ्यावे. शब्द बदलून घेण्याची वेळ तीच असते. माल बंदरातून निघाल्यावर असा बदल घेणाऱ्याच्या मर्जीवर राहतो.