टांग बसली तर चितपट

आमच्या घरी दहावीत शिकणारा भाचा आहे. मगरिबनंतर मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव खेळतो आणि पटापट जिंकतो. गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्याच एका खुल्या स्पर्धेला आम्ही त्याला घेऊन गेलो. रिक्षात म्हणाला, "मामू, माझ्याकडं आठ चालींत मात करायचा डाव आहे. कुणाला कळतच नाही." पहिल्या फेरीत तो डाव खरोखर बसला. दुसऱ्या फेरीत समोर एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी दोन मिनिटे विचार करून घोडा काढला, आणि पुढचा अर्धा तास आमचा भाचा वजीर वाचवत बसला. शेवटी वजीरही गेला, डावही गेला.

या डावाला एंग्लुंड गॅम्बिट म्हणतात. पांढरा वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवतो, काळा राजापुढचे प्यादे पुढे करून ते फुकट देऊ करतो. पांढऱ्याने ते खाल्ले की काळा आधी घोडा काढतो, मग वजीर. पांढरा उंट काढून आपले प्यादे राखतो. लगेच काळा वजीर शह देतो, उंट शह अडवायला मागे येतो आणि वजीर बी-२ वरचे प्यादे खातो. फास आहे तो इथे. वजिराला हाकलण्यासाठी पांढऱ्याने तोच उंट सी-३ वर ठेवला, तर काळ्याचा उंट बी-४ वर येतो, आणि पांढरा सावध नसेल तर आठव्या चालीला मात. पण उंटाऐवजी घोडा सी-३ वर आला की सगळे उलटते. प्यादी दोघांची सारखीच, मात्र काळ्याचा वजीर एकटा परमुलखात, पांढऱ्याचा हत्ती त्याच्या मागे, आणि काळ्याची बहुतेक फौज अजून घरातच.

गॅम्बिट हा शब्द कोल्हापूरकरांना परका वाटू नये. इटालियन भाषेत तो कुस्तीतला, पायात पाय घालून पाडण्याचा. स्पॅनिश पाद्री रुय लोपेझ याने १५६१ च्या आपल्या पुस्तकात तो बुद्धिबळात आणला. म्हणजे खासबागेत ज्याला टांग म्हणतात, त्याच जातीचा डाव. टांग बसली तर समोरचा चितपट, हुकली तर आपलाच तोल जातो.

त्याही आधी, दहाव्या शतकात, बगदादच्या दरबारात अबू बक्र अस-सूली हा शतरंजचा नामी खेळाडू होता. तेव्हाच्या खेळात वजीर एकेकच घर तिरका चाले, त्यामुळे झटपट मात करणे अवघडच. दोन्ही बाजू आधी आपली फौज नीट लावून घेत. या मांडणीला अरबीत तअबिया म्हणत. आजचे ग्रँडमास्टरही सुरुवातीच्या ओळखीच्या मांडणीला 'तबिया'च म्हणतात.

प्यादे देणे मुळातच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. वजिराचा गॅम्बिट विश्वविजेतेही खेळत आले आहेत, कारण तिथे दिलेले प्यादे बहुधा परत मिळते आणि पटाचा मध्यही हाती येतो. एंग्लुंडची सगळी मदार समोरच्याला उत्तर ठाऊक नसण्यावर. मोबाइलवर दर तीन मिनिटांनी नवा माणूस भेटतो, म्हणून ते खपते. क्लबात दर रविवारी तेच दहा-बारा जण. एकदा फसलेला माणूस घरी जाऊन उत्तर शोधूनच येतो.

पंजाबातल्या सुलतान खान यांच्याकडे असले फास नव्हते. ते देशी नियमांचा खेळ शिकून इंग्लंडला गेले. सुरुवातीच्या चालींत ते कच्चेच मानले जात. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ साली ते ब्रिटिश विजेते झाले आणि हेस्टिंग्जला त्यांनी कापाब्लांकालाही हरवले. त्यांची खरी ताकद डावाच्या शेवटात होती.

फेरी संपल्यावर त्या गृहस्थांनी भाच्याला जवळ बसवून घोड्याची ती चाल दोनदा दाखवली. तिसऱ्या फेरीत त्याने साधी मांडणी केली. तो डावही हरला, पण बावन्न चालींनंतर. रात्री अम्मी जेवायला हाका मारत होती, आणि हा पट मांडून बत्तिसाव्या चालीपाशी अडून बसला होता.