🚜 *पुढच्या एक्सलचं काम झालं? आधी टो-इन मोजा, मग ट्रॉली जोडा*



रोवणा आटोपला. चिखलणीत गाळ-पाणी शिरून बऱ्याच जणांच्या ट्रॅक्टरचं किंगपिन, बुश, बेअरिंग, टाय रॉडचं काम निघालंय. आता धान कापणी, मग भरलेली ट्रॉली रस्त्यावर. त्याआधी हे वाचाच.

मागच्या वर्षी आपल्या एका सभासद भाऊंनी असंच काम करून घेतलं. सामान सगळं नवं, पण चाकांचं माप कोणी घेतलं नाही. दिवाळीपर्यंत पुढचे नवे टायर एका बाजूने घासले. देवरीकडे महामार्गावर भरल्या ट्रॉलीसोबत स्टेअरिंग थरथरायला लागलं, तेव्हा लक्षात आलं.

*टो-इन म्हणजे काय?*
पुढची दोन्ही चाकं समोरून किंचित आत वळलेली असतात. चालताना ती बाहेर ढकलली जातात आणि सरळ होतात. टाय रॉड खोलून परत बसवला की दोन-चार आटे इकडे-तिकडे होतात आणि माप बिघडतं. एक्सलची रुंदी कमी-जास्त केली तरी तेच.

*नुकसान किती?*
पुढचं चाक साधारण ७२ सें.मी. उंच धरा. माप १२ मि.मी. ने चुकलं, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे ८ मीटर आडवं घासतं. टायर जातो, डिझेलही जास्त लागतं.

*घरी असं मोजा*
१) सपाट, टणक जागा. दोन्ही टायरची हवा सारखी. स्टेअरिंग सरळ.
२) आधी ढिलाई बघा. मागच्या चाकांना उटी लावा, पुढचा एक्सल उचलून खाली ठोकळा द्या. चाक वर-खाली हललं तर बेअरिंग किंवा किंगपिन, डावी-उजवीकडे हललं तर टाय रॉडचा एंड. ढिलाई असेल तर मोजून उपयोग नाही.
३) चाकं खाली टेकवा, ट्रॅक्टर थोडा पुढे ढकला. दोन्ही टायरच्या मधोमध, हबच्या उंचीवर, समोरून खडूची खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मोजा.
४) ट्रॅक्टर *पुढेच* ढकला, खुणा मागे त्याच उंचीवर येईपर्यंत. परत मोजा.
५) मागचं माप वजा समोरचं माप = टो-इन.

बऱ्याच टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये हा फरक ३ ते ६ मि.मी. असतो. पण तुमच्या पुस्तिकेतला आकडाच खरा. फोर-व्हील ड्राइव्हचं माप वेगळं असतं. समोरचं माप जास्त आलं, तर चाकं बाहेर फाकलेली आहेत. असा ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊ नका.

दुरुस्त करताना टाय रॉड दोन असतील तर दोन्ही बाजूला सारखे आटे फिरवा. लॉक नट घट्ट करा, नवी कॉटर पिन घाला. माप बसूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर एक्सल वाकलाय का, ते मिस्त्रीकडून बघून घ्या.

*पिकअप किंवा कार असेल तर*
बॉल जॉइंट, लोअर आर्म, शॉकअप किंवा पाट्यांचं काम झाल्यावर मशीनवर अलाइनमेंट करूनच घ्या. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. टो, कॅम्बर, कॅस्टर तिन्ही बघा. फक्त टो बसवून दिला तर दुखणं तसंच राहतं.

मिस्त्रीचे पैसे देण्याआधी त्याच्यासमोरच माप घ्या. शंका असेल तर टायरचा समोरून फोटो आणि दोन्ही मापं या नंबरवर पाठवा.

— आपला कृषी सल्लागार