वाढीव प्लग जपून घ्या

पावसाळ्यात विजेचा धक्का बसलेला एखादा तरी रुग्ण माझ्याकडे येतोच. मागच्या वर्षी एका गृहिणीला आणले. न्हाणीघरात दिव्याच्याच वायरीवरून वाढीव प्लग काढून त्यावर पाणी तापवायचा रॉड लावला होता. अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. बादलीला हात लागताच धक्का बसला. नशिबाने बाई वाचल्या.

अर्थिंग असेल तर गळणारी वीज जमिनीत जाते; नसेल तर ती आपल्या शरीरातून वाट काढते. दिव्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट व ८०० वॉट ही मर्यादा मानतात. एकटा रॉडच १००० ते १५०० वॉट घेतो. वायर तापते, फ्यूज उडतो, मग आपण त्यात जाड तार घालतो! ही आगीची तयारीच होय. एखादा दिवा वाढवायला हरकत नाही. पण रॉड, गीझर यांसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन व अर्थिंगसह तीन पिनांचे सॉकेट परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या. मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. असावा.

धक्का बसलेल्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. तो बेशुद्ध असून श्वास चालत नसेल, तर १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. शुद्धीवर असला तरी ई.सी.जी. काढून घ्या. कातडीवरचा डाग लहान असला, तरी आत हृदयाला व स्नायूंना इजा झालेली असू शकते.